स्वयंपाकघराचा स्टॉक रजिस्टर: आठ आठवड्यांच्या नोंदी

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

बाबांचा रिपोर्ट आला, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.२. डॉक्टर म्हणाले ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, गोळी आत्ता नको, तीन महिने खाणं-चालणं सांभाळा आणि फेब्रुवारीच्या शेवटी परत टेस्ट करा. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली माझ्या स्वयंपाकात काय वाईट आहे ते दाखव. मला काही बोलता आलं नाही कारण मला माहीतच नव्हतं. मी इथे इंदूरात सियागंज बाजारात एका डाळीच्या व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघतो, तिथे एक पोतं इकडचं तिकडे झालं तर रात्री नऊपर्यंत बसून शोधतो, आणि घरात महिन्याला किती तेल जिरतं ते पत्ता नाही.

म्हणून हा रजिस्टर. नवीन रेसिपी वगैरे काही नाही, फक्त स्टॉक. महिन्याच्या सुरुवातीला डब्यात काय होतं, काय आणलं, शेवटी काय उरलं. माणसं पाच: आई, बाबा, मी, बायको, आणि नऊ वर्षांची छोटी. छोटीला सोयीसाठी पूर्ण माणूस धरलंय, चूक आहे पण चालेल. आज बायकोने आणि मी वजनकाट्यावर सगळे डबे मोजले, आई दारात उभी राहून बघत होती, शेवटी म्हणाली, "इन्कम टॅक्सवाले आले वाटतं."

२४ नोव्हेंबर, सोमवार

किराणेवाल्याची वही काढली. तेल ऑगस्टमध्ये ६ लिटर, सप्टेंबरमध्ये ५, ऑक्टोबरमध्ये ८. ऑक्टोबर सोडून दिला, दिवाळी होती आणि निम्मा फराळ लोकांच्या घरी गेला, तो आपल्या खात्यावर टाकणं अन्याय आहे. उरलेल्या दोन महिन्यांची सरासरी साडेपाच लिटर. लिटरला साधारण ९२० ग्रॅम धरले की माणशी रोज ३४ ग्रॅम. त्यात तूप महिन्याला किलोभर, म्हणजे अजून साडेसहा-सात. झाले ४० च्या वर.

आता हे जास्त की कमी ते कशाशी लावायचं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात २००० कॅलरीचं एक ताट दिलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्य ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध ३०० मिली, दाणे-बिया ३५ आणि तेलतूप मिळून २७. सगळी वजनं कच्च्याची. ते ताट प्रिंट काढून फ्रिजवर लावलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, चहा कुठे आहे यात.

शेव अजून मोजलीच नाहीये. इंदूरात राहून शेव न मोजता तेलाचा हिशेब म्हणजे काळ्या पैशाशिवाय बॅलन्स शीट. महिन्याला दीड किलो येते, पोह्यावर, वरणभातावर, टमाट्याच्या भाजीत, आणि पाच वाजता नुसतीच. पाकिटावर १०० ग्रॅमला ३८ ग्रॅम फॅट लिहिलंय. माणशी रोज दहा ग्रॅम शेव, म्हणजे पावणेचार ग्रॅम तेल जे तेलाच्या डब्यात कधी आलंच नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चंपाषष्ठी. आईचं चातुर्मासापासून वांगं बंद होतं ते आज सुटलं, भरीत आणि बाजरीची भाकरी. वांगं गॅसवर भाजलेलं त्यामुळे तेल फक्त फोडणीचं, सहा वांग्यांना दोन चमचे. हेच वांगं काप करून तळलं असतं तर स्पंजासारखं तेल प्यायलं असतं. आजची नोंद उत्तम आहे आणि त्यात माझा काही हात नाही, पंचांगाचा आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मिठाचं खातं. एक किलोचं पाकीट २४ दिवसांत संपतं म्हणजे माणशी ८ ग्रॅमच्या वर, जागतिक आरोग्य संघटना ५ च्या आत म्हणते, साधारण एक लहान चमचा. मी विजयी चेहऱ्याने आईकडे गेलो. ती म्हणाली बाबांच्या गुळण्या धरल्यास का? नव्हत्या धरल्या. बाबा थंडी लागली की दोन्ही वेळा मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतात, अर्धा-अर्धा चमचा, शिवाय फ्लॉवर मिठाच्या पाण्यात टाकून ठेवायचा तो वेगळा. गेला बाजार दीडशे ग्रॅम मीठ मोरीत जातं. वजा केलं, माणशी ७ ग्रॅम आलं.

पण मग उलट बाजूचंही धरायला हवं ना. लोणचं! आई किलोभर कैरीला २०० ग्रॅम मीठ घालते, मसाला-तेल धरून बरणीतल्या मालाचा सातवा-आठवा हिस्सा मीठच, दहा ग्रॅमची एक फोड म्हणजे सव्वा ग्रॅमच्या वर. ते मीठ मेमध्ये विकत आणलेलं, त्यामुळे या महिन्याच्या पाकिटात दिसत नाही, मागच्या काळातला खर्च आत्ता पोटात जातोय. आणि जिरावन. जिरावनात काळं मीठ आणि साधं मीठ दोन्ही असतं आणि आमच्याकडे ते मसाला म्हणून भुरभुरतात, मीठ म्हणून कोणी बघतच नाही. शेवेचं मीठ मात्र मला वाटलं तेवढं नाही निघालं, पाकिटावरच्या सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, आमच्या दहा ग्रॅम शेवेत पाव ग्रॅमही भरत नाही. शेवेचा गुन्हा तेलाचा आहे, मिठाचा नाही. नोंद करून ठेवतो, उगाच कोणावर खोटा आरोप नको.

निर्णय: ताटात वरून मीठ वाढणं बंद, जिरावनची डबी टेबलावरून ओट्यावर.

३० नोव्हेंबर, रविवार

आज जे सापडलं त्याने सगळा प्रकल्पच फिरला.

तेल, मीठ, साखर मोजून झालं, सगळं थोडं थोडं जास्त निघालं, अपेक्षितच होतं. मग राहिलेले डबे मोजले. तूरडाळ महिन्याला अडीच किलो, मूगडाळ एक, बाकी चणा-मसूर-मटकी सगळं मिळून एक. टोटल साडेचार किलो. भागिले पाच माणसं, भागिले तीस दिवस. तीस ग्रॅम. मी तीनदा केलं, तीसच. पाहिजेत ८५. आणि आमच्याकडे अंडं पण घरात येत नाही, म्हणजे ते ८५ डाळीतूनच भरायचे.

मी दिवसभर तुरीचे क्विंटल लिहितो राव.

वरणात डाळ शोधावी लागते हे आम्ही चेष्टेत म्हणायचो. आमच्याकडचं गोडं वरण पातळ, भातावर ओघळणारं, चव एक नंबर, पण पाच माणसांना दोन्ही वेळा मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम डाळ. बाबांचं एक दिवसाचं प्रोटीन काढलं: चार फुलके ११ ग्रॅम, वरण साडेचार, भात चार, सकाळचे पोहे साडेतीन, दूध-चहा-दही सहा-साडेसहा, भाजी आणि शेव तीन-चार. बत्तीस-तेहेतीस. बाबा ६४ किलो, किलोमागे ०.८३ ग्रॅमने त्रेपन्न पाहिजे. वीस ग्रॅमचा खड्डा रोज, आणि तो खड्डा पाच वाजता शेवेने भरला जातो, भूक खरी असते हो, माणूस उगाच नाही डबा उघडत.

भाज्यांचं पण तेच. मंडईची पिशवी महिन्याला २४ किलो, बटाटे धरून. माणशी १६० ग्रॅम. पाहिजेत ४००.

तर आता उलटं करतोय. काही काढायचं नाही, आधी भरायचं, मग बघू तेलाचं आणि शेवेचं काय होतं ते. आईला हे ऐकून एवढं बरं वाटलं की तिने स्वतःहून दुपारी मुगाचं घट्ट वरण केलं.

३ डिसेंबर, बुधवार

डाळ वाढवायचे मार्ग, जे घरात आधीपासून होते आणि आम्ही विसरलो होतो: पिठलं, झुणका, धिरडी, मुगाचं कढण, डाळमेथी, पालकाची डाळ घालून पातळभाजी, वाटली डाळ (ती चैत्रातच का करायची कोणी सांगितलं). बायकोने नियम सुचवला, वरण झाऱ्यातून गळायला नको, डावातून पडायला हवं. हे माप कोणालाही कळतं, वजनकाटा नको.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी बाबांना घेऊन चोइथराम मंडीत गेलो. आम्ही लोकमान्य नगरात राहतो, मंडी फार लांब नाही, तरी आम्ही दारावरच्या ठेल्यावरूनच घ्यायचो. मेथी, पालक, बथुआ म्हणजे आपला चाकवत, हरे चने, गिलकी (पुण्याची मामी त्याला घोसाळं म्हणते), मुळे पाल्यासकट. भाजी पिशवीतून आली तर आपोआप शिजते, हे खरं नाही हो, निवडावी लागते, आणि निवडायला कोण बसणार इथे सगळं अडतं. म्हणून रविवारी दुपारी सगळ्यांनी गोलात बसून मेथी निवडायची, टीव्ही चालू. छोटीला हरे चने सोलायला दिले, तिने अर्धे खाल्ले. ते पण ताटातच धरले.

मग एक गंमत लक्षात आली. आपलं मराठी ताट बघा, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात-पोळी. कोशिंबीर आहे, उसळ आहे, सगळं आहे. फक्त आमच्याकडे कोशिंबीर लोणच्याएवढी वाढतात आणि भात डोंगराएवढा. पदार्थ बदलायचे नाहीतच, डाव बदलायचे. कोशिंबिरीला मोठा डाव, भाताला वाटी. आणि बाबांनी आधी कोशिंबीर-भाजी खायची, मग वरण, फुलका-भात शेवटी, त्याने जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही. बाबा म्हणाले लग्नाच्या पंगतीत आम्ही असंच खायचो कारण भात वाढणारा शेवटी यायचा.

९ डिसेंबर, मंगळवार

मोड फसले. मटकी भिजवून फडक्यात बांधली, दोन दिवस झाले मोड नाहीत, वास मात्र आला, टाकून दिली. मटकी म्हणजे इकडचं मोठ, ते चांगलंच होतं, चूक थंडीची. उन्हाळ्यात रातोरात मोड येतात, डिसेंबरच्या इंदुरात ओटा फरशीसारखा गार. खालच्या काकूंनी सांगितलं कोमट पाण्यात भिजव, पाणी पूर्ण निथळू दे, बांधून कॅसरोलमध्ये झाकण लावून ठेव, रोज एकदा फडकं धुवून घे. चिकट झालं की नाद सोडायचा.

१३ डिसेंबर, शनिवार

आजचा दिवस खराब.

आयडिया अशी होती की सोयाबीन. माळवा सोयाबीनचा, इंदूरातच सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे १९८७ पासूनची, सगळा प्रदेश सोया पिकवतो आणि खातो काय तर त्याचं तेल. दाण्यात प्रोटीन ३६ टक्क्यांच्या आसपास, तूरडाळीत २२. गव्हात नऊला एक मिसळलं तर कणकेचं प्रोटीन अकरावरून साडेतेरावर जातं, कोणाला काही वेगळं खायला न लावता. कागदावर एकदम मस्त.

मी एक किलो सोयाबीन रात्री गार पाण्यात भिजवलं, सकाळी उपसून गच्चीत वाळत घातलं, दोन दिवसांनी हाताला कोरडं लागलं म्हणून गव्हात मिसळून चक्कीवर नेलं. आतून ओलं होतं. चक्कीवाला अर्ध्यात थांबला, "भिया, पाट चिपक गए, ये क्या ले आए," माझ्यामागे चार जण रांगेत, सगळे बघतायत. सोयात वीस टक्के तेल असतं आणि वर ओल, दगड चिकटणारच. पाट टाकवायचे म्हणून जास्तीचे पैसे दिले. आणलं ते पीठ पण पोळीला कच्च्या शेंगेसारखा उग्र वास मारायला लागलं, छोटीने पहिला घास तोंडातून काढला. आई काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

१४ डिसेंबर, रविवार

वाचलं, विचारलं. सोयाबीन गार पाण्यात भिजवलं की त्यातलं एक एन्झाइम कामाला लागतं आणि तो वास तयार करतं, म्हणून कोरडे दाणे थेट उकळत्या पाण्यात टाकायचे, वीस-पंचवीस मिनिटं उकळायचे. त्याने वास तर जातोच, पण कच्च्या सोयात प्रोटीन पचू न देणारं जे काही असतं ते पण निकामी होतं, म्हणजे कच्चं सोया दळून खाणं तसंही चूकच होतं. मग निथळून कडक उन्हात चांगले तीन-चार दिवस, दाणा दाताखाली कटकन तुटेपर्यंत.

परत करतोय. या वेळी पाव किलोच.

१६ डिसेंबर, मंगळवार

मोड आले! पाऊण इंच. कॅसरोल झिंदाबाद. उसळ केली, लिंबू, कच्चा कांदा, शेव कोणी मागितली नाही (टेबलावर नव्हती पण).

२१ डिसेंबर, रविवार

सोया वाळलं, गव्हात घालून दळून आणलं. दुसऱ्या चक्कीवर गेलो, पहिल्याकडे जायची हिंमत नव्हती. पोळी थोडी पिवळसर, मऊ, वास नाही. बाबांना सांगितलं नव्हतं, त्यांनी तीन खाल्ल्या.

आई म्हणाली, "डाळ गव्हात दळायची हा तुझा शोध आहे का, मग भाजणी काय असते?" बरोबर आहे ना. थालीपिठाची भाजणी म्हणजे ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, चणाडाळ, उडीद, धणे-जिरे, सगळं भाजून एकत्र दळलेलं. मी चार कागद प्रिंट काढून जिथे पोचलो तिथे ती कायम उभी होती. छोटीच्या डब्याचा प्रश्न पण तिथेच सुटला, धिरडी डब्यात गार झाली की रबरासारखी व्हायची आणि अर्धी परत यायची, थालीपीठ दही घालून भिजवलं की दुपारपर्यंत मऊ राहतं. भाजणीत मेथी, किसलेला दुधी, काय वाट्टेल ते लपतं.

२२ डिसेंबर, सोमवार

पहिला महिना क्लोज केला, बरोबर तीस दिवस.

तेल ४.६ लिटर, माणशी २८ ग्रॅम. तूप ८०० ग्रॅम, माणशी पाचच्या वर. म्हणजे मिळून ४० वरून ३३ वर. डाळी-कडधान्य ७.२ किलो, माणशी ४८ ग्रॅम, तीसवरून. शेव ७०० ग्रॅम. भाजी ४१ किलो. मीठ सगळ्यात हट्टी, जेमतेम एक ग्रॅम कमी.

शेव बंद करा असं कोणी कोणाला म्हटलेलं नाही हे इथे मुद्दाम लिहितो. पाच वाजता आता वाटीभर उकडलेले चणे किंवा भाजलेले दाणे असतात, दुपारच्या जेवणात डाळ असते, त्यामुळे डब्याकडे हात कमी जातो. ज्या दिवशी दुपारी नुसता भात-बटाटा झाला त्या दिवशी संध्याकाळी शेवेची नोंद वर गेली, चार वेळा तपासलं. तेलात पण तसंच, कमी घाला सांगून नाही झालं, आईने कढईत बुदलीतून ओतायच्या ऐवजी चमचा घेतला तेव्हा झालं. हात तोच, अंदाज तोच, फक्त भांडं बदललं.

किराण्याचं बिल जवळपास तेवढंच, तेल-शेवेत वाचलं ते डाळीत गेलं. भाजीचं मात्र वाढलं.

२७ डिसेंबर, शनिवार

पुण्याहून मामा-मामी आले आहेत. रात्री साडेदहाला सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात गेलो, गराडू, साबुदाण्याची खिचडी, शेवटी गरम जिलबी. गराडू म्हणजे कंदच, पण तळून वर जिरावन आणि लिंबू, थंडीत त्याला तोड नाही. नोंदवहीत आजच्या तारखेला आडवी रेघ. बाबांनी दोन जिलब्या खाल्ल्या आणि मग स्वतःच राजवाड्याला एक फेरी मारून येऊ म्हणाले, जेवणानंतर चालायचं हे त्यांनी मनावर घेतलंय, रोज रात्री पंधरा मिनिटं गल्लीत. मामी म्हणाली तुमच्याकडे लोक रात्री बाराला जेवायला निघतात आणि तू वजनकाटा घेऊन बसलायस. काय उत्तर देणार.

३० डिसेंबर, मंगळवार

बायकोचं हिमोग्लोबिन १०.६. बाईला १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि त्या घ्यायच्याच, पालकाने भागेल असं कोणी समजू नये. पण मी बाबांच्या रिपोर्टवरून एवढा रजिस्टर मांडला आणि ती रोज शेवटी जेवते, उरलेली भाजी, पातेल्याच्या बुडाचं वरण, आणि उभ्या उभ्या चहा, हे माझ्या माणशी-सरासरीत कुठेच दिसलं नाही. पाचने भागलं की सगळ्यांना सारखं मिळाल्यासारखं दिसतं. अकाउंट्समध्ये ही चूक केली असती तर शेठने काढलं असतं.

बदल: सगळे एकदम बसणार, पोळ्या आधी करून डब्यात. गरम फुलका ताटात पडायचं सुख गेलं, बाबा आणि मी दोघेही कुरकुरलो, एक दिवस. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नाही, चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं. पालेभाजीवर लिंबू, त्यातल्या सी जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. आणि आजीची लोखंडी कढई माळ्यावरून काढली, गंज घासून तेल लावून ठेवलीये, टमाट्याची भाजी त्यात. फक्त शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचं, नाहीतर काळी पडते.

४ जानेवारी, रविवार

पोह्यांवर वाद. आमच्याकडे रविवारी कांदेपोहे, बाकी इंदूर रोज पोहे. आई फोडणीला पळीभर तेल घालते कारण मराठी पोहा कढईत परतायचा असतो, कमी तेलात तो कोरडा पडून घशात अडकतो. इंदुरी पोहा उकळत्या पाण्याच्या भांड्यावर, वाफेवर असतो, त्याला तेल नावाला, मऊपणा वाफेचा, चव बडीशेप-जिरावन-लिंबाची. वरून शेव घालून ते सगळं पुण्य घालवतात ते सोडा. आज बायकोने कुकरच्या जाळीवर इंदुरी पद्धतीने केले, पाच माणसांना दोन चमचे तेल, मटार भरपूर, मूठभर दाणे, मोडाची मटकी. बाबा: "चांगले आहेत. पण हे कांदेपोहे नव्हेत." आई: काही नाही, पण दुसऱ्यांदा घेतले.

समझोता, एक रविवार हे, एक रविवार ते.

८ जानेवारी, गुरुवार

भांडाफोड. बाबा तीन चहा घेतात, प्रत्येकात दोन चमचे साखर, रोजचे पंचवीस ग्रॅमच्या वर एकट्या चहात, आणि दोन म्हणजे दोनच, त्यावर चर्चा नाही. आईने १५ डिसेंबरला साखरेच्या डब्यातला चमचा काढून मिठाच्या डबीतला छोटा टाकला होता, कोणाला न सांगता, मला पण नाही. तीन आठवडे बाबा दोन चमचे घेत होते, जवळजवळ निम्मी साखर. आज छोटीने जेवताना सांगून टाकलं. बाबा जेवण होईपर्यंत गप्प, मग म्हणाले, "तरीच." पुढचा चहा त्यांनी स्वतः केला, चमचा मात्र तोच वापरला. मला साखरेच्या स्टॉकमध्ये फरक दिसत होता आणि मी कारण शोधत बसलो होतो.

१३ जानेवारी, मंगळवार

भोगी. वांगी, गाजर, हरे चने, वाल, बोरं, बटाटा, तिळाचं-दाण्याचं कूट, एकाच भाजीत. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी. वजनं घेतली, माणशी भाजी तीनशे ग्रॅमच्या वर गेली, आठ आठवड्यांत पहिल्यांदाच. लोण्याला काटा लावायला गेलो तर आईने काटाच उचलून कपाटात ठेवला.

१८ जानेवारी, रविवार

दुसरा हिशेब, २३ डिसेंबरपासून आजपर्यंत २७ दिवस. डाळी-कडधान्य ७.६ किलो, माणशी ५६ ग्रॅम. ८५ होणार नाहीत बहुतेक, पोटात जागा पण लागते. तेल ४.२ लिटर, माणशी साडेअठ्ठावीस, पाहुणे आणि संक्रांत धरून, तिथेच अडकलंय. संक्रांतीला पापड-कुरडया तळलेलं तेल एका वाटीत उरलं होतं, ते परत तळणाला न घेता फोडणीला दोन-तीन दिवसांत संपवलं. शेव सव्वा किलोवर गेली परत, मामा असताना रोज बसायचे ना गच्चीत. मीठ एकदाचं सहाच्या खाली, जिरावनची डबी ओट्यावरून अजून वरच्या फळीवर गेल्यापासून.

राहिलेलं: बाबांची टेस्ट फेब्रुवारीच्या शेवटी, बायकोचं हिमोग्लोबिन त्याच दिवशी. फळांचं खातं उघडलंच नाही, पेरू स्वस्त आहेत आत्ता. पहिल्या चक्कीवाल्याकडे एकदा जाऊन यायचं, घराजवळचा तोच आहे.

आज रजिस्टर उघडला तर १४ जानेवारीच्या पानावर, जिथे मी काहीच लिहिलं नव्हतं, आईच्या अक्षरात पेन्सिलीने: "गुळाच्या पोळ्या २२. तूप मोजलेलं नाही."

ते तसंच ठेवलंय, शाई नाही फिरवली.